झोपेतली बुडी

"हळू! मामंजींनी बुडी मारलीय," अक्का म्हणाल्या आणि माझ्या हातातलं पातेलं काढून घेऊन त्यांनी ते अलगद पोत्यावर ठेवलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, यमुना. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि पित्रासाठी मी पहिल्यांदाच घाटणेरला आले होते. आजेसासऱ्यांच्या नावानं वाढलेलं जेवण नुकतंच उरकलं होतं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी खाऊन घरातले तिघे पुरुष ओसरीवरच्या सतरंजीवर ओळीनं आडवे झाले होते: उंबऱ्याला लागून मामंजी, त्यांच्या पलीकडे माझे थोरले दीर सोपान भाऊजी आणि शेवटी माझा नवरा निवृत्ती. तिघेही उताणे. मामंजींचं घोरणं नदीकाठच्या पाण्याच्या इंजिनासारखं एका लयीत चाललेलं होतं, ते मध्येच बंद पडलं होतं.

"बुडी म्हणजे?" मी कुजबुजत विचारलं.

"म्हणजे काय? आत गेलेत. येतील वर."

मी दारातून पाहिलं. मामंजींचं पोट हलत होतं. छाती वर उचलली जात होती, खाली बसत होती. पण नाकातोंडातून काहीच येतजात नव्हतं. बंद दाराला कोणी आतून धडका द्याव्यात तसं ते दिसत होतं. अक्कांची मुलगी सगुणा त्यांच्या पायाशी मांडी घालून बसली होती. तिनं दोन बोटांनी नाक गच्च दाबलं होतं, गाल फुगवले होते. आज्याला हरवायचा हा तिचा रोजचा खेळ, हे मला नंतर कळलं. ती लालबुंद झाली, फस्सकन तिचा श्वास सुटला आणि ती खिन्नपणे म्हणाली, "हारले."

मामंजी अजून वर आले नव्हते.

मी प्राणिशास्त्र शिकवायची. बघितलं की मोजायचं, ही हाताला लागलेली सवय. माझी नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली.

"घड्याळ झाक," उंबऱ्याच्या आतून आवाज आला. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तिथं सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. बायकांची पंगत अजून बसायची होती आणि त्या पहाटेपासून उपाशी होत्या, तरी त्या तिथून हलल्या नव्हत्या. "या घरात दम मोजत न्हाईत. मोजला की आटतो."

मी पदर मनगटावर ओढला. आत्याबाईंनी बसल्या जागी बैठक सावरली आणि सुपाचा कोपरा मामंजींच्या खांद्याला लागला. मामंजींच्या घशातून आवाज आला, पाण्याखालून डोकं वर काढताना येतो तसा, मोठा, ओरबाडून घेतलेला. मग पुन्हा इंजिन सुरू झालं.

"आले!" सगुणा टाळी वाजवून म्हणाली.

"बघितलंस ना वैजू," अक्का मला म्हणाल्या, "आत्याबाईंना मामंजींना सोडून घास उतरत न्हाई. नवरीवानी बसत्यात उशाशी, या वयात!"

"तुझी जीभ कढईत सोडली असती तर तेलाबिगर वडे तळून निघालं असतं," आत्याबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत. डोळ्यांच्या कडा कायम लाल, बोलणं तिखट. गावात त्यांच्या वाटेला कोणी जात नसे.

सासरचं घर पाणबुड्यांचं. विहिरीत कळशी पडली, इंजिनाचा पाइप तळाशी अडकला, नदीत कोणी बुडालं, की पंचक्रोशीतून माणूस या घरी यायचा. हे पुरुष कमरेला दोर बांधून, नाकाला काही न लावता खाली जायचे आणि काठावरच्या लोकांचा धीर सुटल्यावर वर यायचे. किती वेळ खाली राहता, असं कोणी विचारलं तर हसून विषय बदलायचे. सरकारी पाणबुडे पाठीवर नळकांडी आणि तोंडात नळी घेऊन उतरतात, त्यांना भाऊजी 'बाटलीतली पोरं' म्हणत. आणि झोपेत श्वास थांबतो ती याच दमाची खूण, असं घर मानत होतं. ज्याच्यात दम उतरलाय तो झोपेतसुद्धा सराव करतो. ज्याच्यात नाही, तो नुसता झोपतो.

जेवताना मी अक्कांना विचारलं, "आजेसासरे कशानं गेले?"

"झोपेत. मोठी बुडी मारली, वर आलेच न्हाईत. त्यांचे धाकटे भाऊ तसेच, आणि मामंजींचे थोरले भाऊ बी. कुणाला दवा न्हाई, पाणी न्हाई, अंथरुणाला खिळणं न्हाई. असलं मरण मागून मिळत न्हाई बाई."

"वय झालं होतं का?"

"छ्या! पन्नाशी कुणी बघितली न्हाई. मामंजीच काय ते साठी वलांडून बसलेत." त्यांनी आमटीचा भुरका घेतला. "म्हणून तर म्हणत्यात, त्यांचा दम सगळ्यांत मोठा."

वडा माझ्या हातात तसाच राहिला.

"कुणी हलवून उठवलं नाही त्यांना?"

"येडी का काय! बुडीतल्या माणसाला हाक मारायची न्हाई, हात लावायचा न्हाई. दचकून दम सुटला की माणूस तळालाच राहतो. लग्न करून आले तवा पहिली गोष्ट हीच सांगितली मला. आवाज करायचा न्हाई, दार ओढून घ्यायचं, पोरं लांब न्यायची."

"कोणी सांगितली?"

"आत्याबाईंनी. दुसरं कोण सांगणार?"

त्या संध्याकाळी निवृत्ती साताऱ्याला परत निघाला. त्याची शाळा होती. मी दोन दिवस राहणार होते, कारण भाऊजींच्या जांघेतल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांशी बोलायला घरात शिकलेलं कोणीतरी हवं होतं. एसटीची वाट बघताना मी त्याला म्हटलं, "तुम्ही झोपेत श्वास घ्यायचं थांबता. माहितीये का?"

"माहितीये की. आमच्यात ते उतरतंच. नाही उतरलं तर बाप विचारायचा, पोरगं कुणाचं म्हणून."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मग दुसरीकडं तोंड करून झोप," तो हसत म्हणाला. मग माझा चेहरा पाहून तो जवळ सरकला. "वैजू, तिकडं वर्गात काय शिकवायचं ते शिकव. इथं आईसमोर असलं काही बोलू नकोस."

गाडीत जागा मिळताच त्यानं खिडकीला डोकं टेकलं. गाडी सुटायच्या आत तो झोपला होता, तोंड उघडं टाकून. आखूड हनुवटी, मागे गेलेला जबडा, खांद्यात रुतलेली जाड मान. तीच ठेवण मी दुपारी सतरंजीवर एकापाठोपाठ तिघांत पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाऊजींना तालुक्याच्या दवाखान्यात दाखल केलं. भाऊजी बाकावर बसल्या बसल्या पेंगले. आत्याबाई त्यांच्या शेजारी टेकून बसल्या होत्या, कोपर त्यांच्या बरगडीला लागलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई उंच, थकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी भाऊजींना तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला, बराच वेळ आत पाहिलं.

"घोरता का?"

"घोरत असेन," भाऊजी म्हणाले. "मी झोपलेला असतो, मला काय कळतंय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. "आजी, हे झोपेत घोरतात का? मध्येच श्वास अडकल्यासारखं होतं?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्यात सगळे शांत झोपत्यात."

भाऊजींनी मान खाली घातली. घराचा दम परक्याला सांगायचा नसतो, हे त्यांनाही शिकवलेलं होतं. पंखा फिरत होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेन टेकवलं.

"घोरतात," मी म्हटलं. "श्वास थांबतो. बराच वेळ. पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा जबडा मात्र घट्ट झालेला मला दिसला.

"घराण्यात आणखी कोणाला आहे?"

"सगळ्या पुरुषांना. आजेसासरे, त्यांचे भाऊ, सासऱ्यांचे भाऊ, सगळे पन्नाशीच्या आत गेले. झोपेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "डोळे, केस उतरतात, तसा जबडाही उतरतो," त्या भाऊजींच्या हनुवटीकडे पाहत म्हणाल्या. "जबडा मागे, मान जाड, आतली वाट अरुंद. जागेपणी स्नायू ताणलेले असतात, वाट उघडी राहते. झोपेत सैल पडतात आणि जीभ मागे पडून दार लावून घेते. पूर्ण भूल दिली असती तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "कमरेत इंजेक्शन देऊन करू. बरं झालं बोललात."

आज त्या आजाराचं नाव सगळ्यांना माहीत आहे. रात्री नाकावर लावायचं यंत्रही मिळतं. तेव्हा आमच्या तालुक्यात ते नाव बहुधा त्या एकट्या बाईंनाच ठाऊक असावं.

बाहेर आल्यावर भाऊजी मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही आमचा दम आज चव्हाट्यावर मांडला." रागानं नव्हे, जरा हरवल्यासारखे बोलले. आत्याबाई मात्र दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री मी त्या दोघांना वॉर्डात सोडून तालुक्याच्याच एका मैत्रिणीकडे झोपायला गेले.

ऑपरेशन सकाळी सुरळीत झालं. भाऊजींना वॉर्डात आणून खाटेवर उताणं ठेवलं, उशी काढून घेतली. "संध्याकाळपर्यंत मान उचलायची नाही, कुशीवर वळायचं नाही," सिस्टर बजावून गेली. जेवणाच्या वेळेनंतर त्यांच्या जखमेत कळा यायला लागल्या. ते दात-ओठ आवळायला लागले, तेव्हा सिस्टरनं दंडात दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. "आता झोप लागेल. लागू द्या."

झोप लगेच लागली. वॉर्डातले बाकीचे रोगीही पेंगत होते. खिडकीला हिरवा पडदा, बाहेर कडक ऊन, फिनेलचा वास. मी खाटेच्या एका बाजूला स्टुलावर, आत्याबाई दुसऱ्या बाजूला जमिनीवर. भाऊजींचं घोरणं सुरू झालं, वाढत गेलं. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "काय हो, माणूस हाय का मोटार?"

आणि मोटार बंद पडली.

छाती उचलली गेली, बसली. पुन्हा उचलली गेली. गळ्याखालचा खळगा आत ओढला गेला. नेहमीपेक्षा हे लांबत चाललं होतं. इंजेक्शननं ते पार सैल पडले होते. मी उठून उभी राहिले. ओठांचा रंग मला नको तसा दिसायला लागला. मी सिस्टरला हाक मारणार एवढ्यात जमिनीवरून एक हात वर आला. आत्याबाईंनी वर न बघता भाऊजींच्या कानाची पाळी नखात धरली आणि पिरगळली. काही झालं नाही. त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्या हनुवटीखाली घालून जबडा पुढे ओढला आणि कान पुन्हा पिरगळला. भाऊजींचा सगळा देह हादरला आणि तो ओरबाडलेला श्वास आत गेला.

आत्याबाईंनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

वॉर्डात कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. मी स्टुलावर बसले. मला परवाची दुपार आठवली. सुपाचा कोपरा चुकून लागला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"मामंजी साठी ओलांडून बसलेत, ते दमामुळे नाही."

भाऊजी घोरत होते. आत्याबाईंचं लक्ष त्या आवाजावर होतं, चुलीवरच्या दुधावर असावं तसं.

"माझे थोरले दीर गेले तवा मी ओटीवर झाडत हुते," त्या शेवटी म्हणाल्या. "बघत हुते. पोट हलत हुतं. सासूनं सांगितलं हुतं, हात लावायचा न्हाई. मी झाडत राहिले. मग पोट बी थांबलं." त्यांनी नाक ओढलं. "त्या रातीला ह्यांचं अंथरूण उंबऱ्याला आणलं. बायकांनी आत झोपायचं, पुरुषांनी ओसरीवर, ही आमची रीत. मी आतल्या बाजूला, हे भाईर. मध्ये नुसता उंबरा. हात पोचतो."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासनं."

"मग तुम्ही झोपता कधी?"

"हे विहिरीवर गेले की."

भाऊजींचा आवाज थांबला. आत्याबाईंचा हात वर गेला. या वेळी एका पिरगळण्यात काम झालं.

"मग अक्कांना उलटं का सांगितलंत? हात लावायचा नाही, दार ओढून घ्यायचं?"

"मला सांगितलेलं तेच तिला सांगितलं. दुसरं काय सांगणार?" त्या चिडल्या. "नवऱ्याचा दम उसना हाय असं सांगू? पंचक्रोशीत नाव हाय त्यांचं. बायकोच्या नखावर जगतोय असं कळलं असतं तर त्यांनी विहिरीत पाऊल टाकलं असतं का पुन्हा? आणि सोपानचं म्हणशील तर..." त्या थांबल्या. "तो धडधाकट दिसत हुता. मला वाटलं, त्याच्यात न्हाई उतरलं. मागल्या दोन वर्सांत ऐकायला लागले. पलीकडनं ऐकू यायचं. हात न्हाई पोचत तिथवर. एकाला हलवीपर्यंत दुसऱ्याचं ऐकायचं. माझं आयुष्य गेलं बघ कान लावून."

मग मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचताच ते ऊन, तो पडदा, सगळं माझ्यापासून लांब गेल्यासारखं झालं.

"आत्याबाई, काल रात्री तुम्ही इथं होता."

"व्हय."

"मामंजींजवळ कोण होतं?"

"काल ते भजनाला बसले असतील पहाटेपतूर. मीच सांगितलं हुतं बसा म्हणून."

"आणि आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यमुनेला सांगून आलेय. दुपारचं झोपू द्यायचं न्हाई त्यांना. दोर वळायला बसव, पोरीला अंगावर सोड, काय बी कर, पण आडवं होऊ द्यायचं न्हाई."

"का, ते सांगितलंत?"

आत्याबाई भाऊजींच्या छातीकडे बघत राहिल्या. भाऊजी घोरत होते. मी उठले, बाहेर पडले, दवाखान्यासमोरच्या दुकानातून घाटणेरच्या पोस्टात फोन लावायचा प्रयत्न केला. लागला नाही. पुन्हा लावला. दुकानदार म्हणाला, "बाई, लाइन खराब आहे सकाळपासून." मी परत आले. आत्याबाई उठून जाऊ शकल्या असत्या. एसटी मिळाली असती, मी भाऊजींना सांभाळलं असतं. मी तसं म्हटलंही. त्या अर्धवट उठल्या. तेवढ्यात भाऊजींचा श्वास पुन्हा अडकला, मी कान धरला, पिरगळला, आणि माझ्यानं ते वर येईनात. आत्याबाईंनी मला बाजूला सारून जबडा ओढला. ते आले. मग त्या पुन्हा खाली बसल्या आणि उठल्या नाहीत.

उन्हं कलली तेव्हा भावकीतला एक जण मोटारसायकलवरून आला. वॉर्डाच्या दारात त्यानं टोपी काढली. तो तोंड उघडायच्या आधीच आत्याबाई म्हणाल्या, "झोपेत?"

"व्हय काकू. लई शांत गेले. मोठी बुडी मारली."

आत्याबाईंनी भाऊजींच्या अंगावरची चादर सारखी केली. भाऊजी आता जागे होते, इंजेक्शन उतरलं होतं. ते आईकडे बघत होते आणि त्यांना काहीच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना जाऊ दिलं नाही; त्यांच्या झोपेवर लक्ष ठेवायला सिस्टरला बसवलं. निवृत्ती साताऱ्याहून आला, त्यानं अग्नी दिला. घर बायकांनी भरलं. येणारी प्रत्येक जण तेच म्हणत होती: पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही, असलं मरण कुणाला मिळतं. अक्का रडत रडत प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत होत्या.

"आत्याबाई सांगून गेल्या हुत्या, झोपू द्यायचं न्हाई म्हणून. पण पहाटेपतूर भजन करून आलेले. दोर वळता वळता डोळे मिटायला लागले. मला वाईट वाटलं. म्हटलं, म्हातारा माणूस, पडू दे घटकाभर. मीच सतरंजी घातली. मग बुडी मारली तर मी सगुणेला परड्यात नेलं, दार ओढून घेतलं, कुत्रं भुंकत हुतं ते बी हाकललं. आवाज म्हणून होऊ दिला न्हाई."

"चांगलं केलंस गं," बायका म्हणाल्या. "सेवा घडली तुझ्या हातनं."

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

भाऊजींना जीपमध्ये घालून आणलं त्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी अक्कांना आत बोलावलं. मी तिथंच कपड्यांच्या घड्या घालत होते.

"यमुने, आजपासनं तुझं अंथरूण ओसरीवर. सोपानच्या शेजारी."

"ओसरीवर? मी?" अक्का ओलसर डोळ्यांनी हसल्या. "लोकं काय म्हणतील? सुतकात!"

"म्हणू देत. त्याचा आवाज थांबला की हलवायचं. खांद्याला हलवायचं, न्हाई आला तर कान पिरगळायचा, न्हाई आला तर जबडा पुढं वढायचा. दुपारी बी आणि रातीला बी. चुकवायचं न्हाई."

अक्का गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," मी म्हटलं.

"पण बुडीतल्या माणसाला हात लावायचा नसतो ना? आत्याबाई, तुम्हीच तर..."

"त्याला टाकं घातल्यात. त्याचं येगळं हाय."

अक्कांच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटली. "मग मामंजींना," त्या अडखळत म्हणाल्या, "त्यांना कुणी हलवलं असतं, तर..."

घडी माझ्या हातात अर्धीच राहिली.

आत्याबाई वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ आला.

"त्यांना उभ्या जन्मात कुणी हलवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांचं वय झालं हुतं, ते गेले. तू काय केलं न्हाईस, यमुने."

अक्कांनी डोळे पुसले आणि मान हलवली. मी खाली बघून घडी पुरी केली. आत्याबाईंनी आपलं सगळं आयुष्य एका वाक्यात पुसून टाकलं होतं आणि ते ऐकणारी मी एकटी होते.

दुपारी भाऊजी ओसरीवर झोपले. अक्का त्यांच्या उशाशी लाजत, पदर तोंडावर धरून बसल्या. आम्ही आत होतो. घोरणं सुरू झालं. वाढलं. थांबलं. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. ओसरीवर काही हालचाल होईना. मी उठायला लागले, तेव्हा बांगड्या वाजल्या, अगदी हलक्या, आणि भाऊजींचा श्वास लगेच, सहज आत गेला.

मग बराच वेळ नुसतं घोरणं ऐकू येत राहिलं. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उजेडाकडे पाठ केल्यामुळे दिसत नव्हता.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "नुसता हात लावला, न् आले."

आत्याबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"एवढंच करायचं असतं?" अक्कांनी विचारलं.